गावागणिक एक रुमाल

१

सायलीनं प्राचार्यांकडे दिलेला तक्रारअर्ज सहा ओळींचा होता आणि चौथ्या ओळीत अमरसिंहाचं नाव होतं. ‘माझ्या संगणकातील संदर्भसंग्रहात जाणूनबुजून बिघाड करण्यात आला असून माझा संशय सहसंशोधक अमरसिंह यांच्यावर आहे.’ खाली सही आणि बुधवारची तारीख.

प्राचार्यांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि ग्रंथपाल विजयमालाबाईंना बोलावणं धाडलं. चौकशी समिती नेमावी तर अमरसिंहाचे वडील तालुक्यात वजन राखून होते. न नेमावी तर पोरीचा प्रबंध बुडत होता. असा पेच पडला की धारूरच्या त्या कॉलेजात सगळ्यांना विजयमालाबाईच आठवायच्या.

बाईंची ख्याती हरवलेली पुस्तकं शोधण्याबद्दल होती. एका प्राध्यापकांनी एकदा ‘मी पुस्तक नेलंच नाही’ म्हणून कानावर हात ठेवले होते. बाईंनी रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. ‘सर, एकशे बाराव्या पानाचा कोपरा कशाला दुमडलात?’ एवढंच विचारलं. ‘एकशे बारा नाही, एकशे चाळीस,’ सर तावातावानं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मुकाट्यानं टेबलावर आलं. एकतीस वर्षांची नोकरी अशी झाली होती. या महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि आता कुणाच्या भानगडीत पडायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ते जमलं असतं तर त्या विजयमालाबाई कसल्या!

संशोधन केंद्राची खोली म्हणजे दोन टेबलं, दोन संगणक, कोपऱ्यात स्कॅनर आणि खिडकीतून दिसणारी किल्ल्याची तटबंदी. सायली खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. डोळे सुजलेले.

“बघा मॅडम, तुमच्यासमोर करते,” ती म्हणाली आणि तिनं एक कळ दाबली. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. चक्र फिरतच राहिलं. कॉलेजचे शिपाई त्रिंबकमामा चहा घेऊन आले, चहा पिऊन झाला, मामा कप घेऊन गेले, तरी चक्र थांबेना. बरोबर सात मिनिटांनी प्रबंधाच्या पानाखाली एक इवलीशी तळटीप उमटली.

“एवढ्यासाठी सात मिनिटं?”

“आणि मधेच बंद पडलं तर पयल्यापासून. अशा सव्वाचारशे टिपा राहिल्यात. सोमवारी पाचच्या आत प्रबंध विद्यापीठाला गेला न्हाई तर माझी नोंदणी रद्द. दोनदा मुदत वाढवून घेतलीय, आता वाढवत न्हाईत. सहा वर्षं, मॅडम! सहा वर्षं मी डोंगर पालथा घातलाय.”

तिचा विषय होता जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, आणि त्यांच्या पाण्याचे हक्क. कुठल्या घराण्याची पाण्याची पाळी कुठल्या दिवशी, ती कशी ठरली, कुणी मोडली. त्यासाठी तिनं एक्केचाळीस गावं पायी धुंडाळली होती. वाचलेलं प्रत्येक पुस्तक, घेतलेली प्रत्येक मुलाखत, सापडलेला प्रत्येक जुना कागद तिनं या संदर्भाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवला होता. लिहिताना नोंदीवर बोट ठेवायचं की तळटीप आपोआप बसते. म्हणजे बसायला हवी.

“नोंदी किती आहेत?”

“नऊ हजार तीनशे अठरा.”

“हे सगळं बिघडायच्या आधी किती होत्या?”

सायलीनं वही उघडली. दर महिन्याच्या एक तारखेला ती आकडा लिहून ठेवायची. वर्षभरात तिनं नवी नोंद केलीच नव्हती, नुसतं लिहीत होती. वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा बाईंनी दोनदा ताडून पाहिला.

नऊ हजार तीनशे अठरा. एक नोंद वाढली नव्हती, एक कमी झाली नव्हती. चोरानं काही नेलं नव्हतं आणि काही टाकलंही नव्हतं, मग हे यंत्र कशाच्या ओझ्याखाली धापा टाकत होतं?

२

बीडहून येऊन कॉलेजचे संगणक बघणारा संजय फोनवर भेटला. महिन्यातून दोन शनिवार त्याची फेरी व्हायची.

“मॅडम, त्यात गूढ काय न्हाई,” तो म्हणाला. “नऊ हजार नोंदी म्हंजे लई झालं. पोट फुटंस्तोवर जेवलेला माणूस पळंल का? माझ्याकडं तीन वर्षांमागची नक्कल हाय, झकास पळायची. ती बसवतो, आत्ताची पुसून टाकतो. मधल्या चारपाचशे नोंदी ताईंनी हातानं भराव्या. परवा दुपारी येतो.”

“पुसायलाच पाहिजे का?”

“ढगात, म्हंजे इंटरनेटवर, एकच संग्रह राहतो, मॅडम. नवी ठेवा न्हाईतर जुनी. सायलीताई हो म्हणाल्यात.”

बाईंनी फोन ठेवला. एकतीस वर्षांत त्यांनी पुस्तक रद्दीत काढण्याआधी ते उघडून न पाहिल्याचं एकदाही घडलं नव्हतं. आत काय आहे हे न बघताच पुसायचं, हे त्यांच्या गळी उतरेना.

मग अमरसिंह. उंचापुरा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. त्याचा विषय निजामकाळातल्या महसुलाचा, गाईड तेच, खोली तीच, आणि सायलीच्या संगणकाचा पासवर्ड ठाऊक असलेला तो एकटाच.

“बसा,” बाई म्हणाल्या. “तुमच्यावर काय लिहिलंय ते कळलं?”

“कळलं.”

“मग?”

“मी काय केलं न्हाई, मॅडम.”

“कुणी केलं ते ठाऊक आहे?”

अमरसिंहानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात दार लोटून त्रिंबकमामा आत आले. चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि काखेतलं लाल कापडाचं गाठोडं बाईंपुढे केलं. तक्रारअर्ज आणि त्याची पोच, दोन कागद फक्त, पण मामांनी ते कापडात नीट बांधून आणले होते. कॉलेजात येण्याआधी मामा तालुक्याच्या जुन्या रेकॉर्डात रोजंदारीवर होते. फायलीच्या दोरीवर त्यांचा कधी विश्वास बसला नाही.

“त्रिंबकराव, दोन कागदांना गाठोडं कशाला?”

“सुट्टा कागद पोरका असतो, मॅडम,” मामा म्हणाले आणि हसत हसत निघून गेले.

दार लागलं. अमरसिंहानं तोंड मिटलेलं होतं.

“मला काय ठाऊक न्हाई,” तो म्हणाला. “तक्रार माझ्यावर हाय ना, राहू द्या माझ्यावर. चौकशी लावा. मी देतो उत्तर.”

“अहो, करिअरचा प्रश्न आहे तुमच्या!”

“असंल.”

खोटं बोलणारी माणसं बाईंनी खूप पाहिली होती. ती घाईत असतात, भराभर कारणं देतात. हा गडी कारण देतच नव्हता. तो कुणाला तरी पाठीशी घालत होता, आणि त्यापायी स्वतःचं वाटोळं करून घ्यायला बसला होता.

३

गुरुवारी सकाळी बाईंनी सायलीला एक विचित्र काम सांगितलं. “टिपा बसवणं सोड. प्रत्येक प्रकारातल्या थोड्या थोड्या नोंदींवर नुसतं बोट ठेव. पटकन उघडली तर बरोबरची खूण, अडकली तर फुली.”

“मॅडम, माझ्याकडं चार दिवस हायेत आणि तुमी मला फुल्या मारायला लावताय?”

“आजारी माणसाला कुठं दुखतं ते विचारल्याशिवाय डॉक्टर गोळी देतो का? मार फुल्या.”

दुपारी चारला सायली कागद घेऊन आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि कोडं आलं होतं. पुस्तकं, लेख, अहवाल, सगळ्यांना बरोबरची खूण. शेकडो नोंदी डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडत होत्या. फुल्या फक्त गावांच्या नोंदींवर होत्या. एकेका गावाची एकच नोंद, आणि तिच्या पोटात त्या गावातल्या बारवांचे कागद, असं तिनं ठेवलं होतं. टिपाही नेमक्या गावांच्याच राहिल्या होत्या.

“एक्केचाळीसही गावं?”

“न्हाई. चौसाळा पटकन उघडतं. चकलांबापण. ही दोन मी तुलनेसाठी घेतलीवती, लांबची हायेत. आणि भोगलवाडी. बाकी आडस, आसरडोह, सगळी अडतीस अडकतात.”

“भोगलवाडी तर इथं हाकेवर आहे.”

“हो ना. तेच कळंना.”

बाईंनी भोगलवाडीभोवती पेन्सिलीनं एक गोल काढला. मग उठून त्या कोपऱ्यातल्या स्कॅनरपाशी गेल्या आणि झाकण उघडलं. काचेच्या कडेला, रबराच्या खाचेत, काहीतरी अडकलं होतं. नखानं टोकरून त्यांनी ते तळहातावर घेतलं. वाळलेल्या पानांचा चुरा. हुंगून पाहिला. कडुलिंब.

“सायली, तू कागदांत लिंबाचा पाला ठेवतेस?”

“मी कशाला ठेवीन? माझे कागद प्लास्टिकच्या फोल्डरात असतात.”

ग्रंथालयातही पाला नव्हता, तिथं डांबराच्या गोळ्या. लिंबाचा पाला ठेवतात तो घरच्या ट्रंकेत, कसर लागू नये म्हणून. खाचेत पिवळसर काहीतरीही होतं. ती हळद होती.

“शेवटचा स्कॅन कधी केलास?”

“होऊन गेलं दीड वर्ष.”

हा चुरा मात्र हाताला अजून कडू वास देत होता.

४

शुक्रवार, बाजाराचा दिवस उजाडला. धारूरच्या रस्त्यांवर टमटमा आणि दुचाकींची गर्दी झाली, भोंग्यावर कुणी साड्यांचा भाव ओरडत होतं. बाजाराच्या दिवशी सायलीचे एक ते तीन असे पहिल्या वर्षाचे दोन तास असायचे. ती संगणक चालू ठेवूनच वर्गावर जायची, कारण एकदा बंद केला तर उघडायला अर्धा तास.

बाईंनी एकच्या आतच खोलीत बसून आडसची नोंद उघडायला लावली. चक्र फिरलं. पाचव्या मिनिटाला नोंद उघडली आणि बाईंनी तिचं पोट खाली खाली सरकवत नेलं. बारवेचे नकाशे. पाळीपत्रक. मुलाखतीचा कागद. आणि मग एक रेशनकार्ड.

त्याखाली शाळा सोडल्याचा दाखला. त्याखाली सातबारा, निजामाच्या वेळचा उर्दू कागद, कुणाच्या तरी मृत आजोबांचा फोटो चिकटवलेला दाखला, वाटणीपत्र, लग्नाची पत्रिकासुद्धा. कडा कुरतडलेले, घड्या पडलेले, हळदीची बोटं लागलेले. एकट्या आडसच्या पोटात दोनशे सदुसष्ट कागद. नोंदींच्या आकड्यात यातला एकही धरला जात नव्हता, कारण सगळे एकाच नोंदीच्या पोटात होते. आणि सॉफ्टवेअर मात्र इमानदारीनं, बोट लागलं की, त्यातलं प्रत्येक पान वाचायला बसत होतं.

“हे माझे न्हाईत,” सायली पांढरी पडली. “मॅडम, हे माझे न्हाईत! बघा, हा कचरा भरलाय त्यानं माझ्या संग्रहात!”

“तारखा बघ.”

प्रत्येक कागदापुढे तारीख आणि वेळ होती. सगळे बाजाराचे दिवस. सगळ्या वेळा एक ते तीनमधल्या. आणि टाकणाऱ्याचं नाव सगळीकडे एकच, सायली, कारण संगणक तिच्या नावानं उघडा असायचा.

घंटा झाली. सायली डोळे पुसत वर्गावर गेली. बाई ग्रंथालयात आल्या, खिडकीशी बसल्या आणि विचार करायला लागल्या. बाजाराच्या दिवशी अमरसिंह कॉलेजात नसतोच. वडिलांकडे लोक येतात, त्यांच्या ओसरीवर त्याला बसावं लागतं. संजय शनिवारशिवाय फिरकत नाही, आजचा दिवस सोडला तर. मग उरतं कोण?

समोर एक बाई उभी होती. साठीची, निळी सुती साडी, हातात बाजाराची पिशवी.

“जयभीम, मॅडम. मी सिंधुबाई. आसरडोहची. त्रिंबकमामा कुठं हायेत?”

“काय काम होतं?”

“माझा कागुद काढून घ्यायचा हाय. कापी. आमी गायरान कसतो ना, सासऱ्यापासून. त्याची सुनावणी हाय पुढल्या हप्त्यात. सासऱ्याला दंड झालता अतिक्रमणाचा, चाळीस वर्सं झाली, त्याची पावती. तवा लई रडलो होतो आमी त्या दंडावर. आता वकीलसाहेब म्हणतेत, तीच पावती तुमचा पुरावा, रान तवापासून तुमच्या ताब्यात असल्याचा.”

“पावती तुमच्याकडं नाही?”

“घरावरचे पत्रे उडाले तवा भिजून लगदा झाला तिचा. पर मामानं आदीच ठिवलीय. म्हणले, सिंधुबाई, तुमच्या गावाच्या रुमालात बांधलीय, कुटं जात न्हाई.”

गावाच्या रुमालात! रेकॉर्डात प्रत्येक गावाचे सगळे कागद एका चौकोनी कापडात बांधून ठेवत, त्याला रुमाल म्हणत. बाईंच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना घड्याळ दिसलं. पावणेदोन. संजय दीडला येणार होता.

साठीला टेकलेल्या विजयमालाबाई त्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यातून धावताना पोरांनी पहिल्यांदा पाहिल्या.

संजय सायलीच्या खुर्चीत बसला होता. पडद्यावर चौकट होती, ‘सध्याचा संग्रह कायमचा पुसायचा आहे का?’ आणि त्याचं बोट ‘होय’वर होतं.

“संजय!” बाई दारातूनच ओरडल्या. “हात उचला!”

५

तीनला सगळे त्या खोलीत होते. सायली, संजय, फोन करून बोलावलेला अमरसिंह, पिशवी मांडीवर घेऊन सिंधुबाई, आणि दाराशी, आत येऊ की नको अशा बेतानं उभे असलेले त्रिंबकमामा.

“मी कुणाला चोर म्हणायला बोलावलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “पण सायलीनं अर्जात एक नाव लिहिलंय, ते खोडायचं तर कारण द्यायला पाहिजे. अडतीस गावं जड झाली. तीन हलकी राहिली. चौसाळा आणि चकलांबा का हलकी? तिथली माणसं धारूरच्या बाजाराला येतच नाहीत. म्हणजे जे कागद आले ते बाजाराला आलेल्या माणसांनी आणले, ट्रंकेतून काढून, लिंबाच्या पाल्यासकट. इथवर सोपं आहे.”

“आणि भोगलवाडी?” सायलीनं विचारलं.

“तिथंच मी अडले होते. भोगलवाडीची माणसं दर बाजाराला येतात, तरी त्यांचा एकही कागद नाही. द्वेषानं कचरा भरणारा एक गाव कशाला वगळेल? वगळणाऱ्याचं त्या गावाशी काहीतरी नातं असणार. मग मी विचार केला, आपल्या कॉलेजात भोगलवाडीचं कोण आहे?”

कुणी दाराकडे बघितलं नाही. मामाच पुढे आले. टोपी काढून हातात धरली.

“मीच केलं, मॅडम. पर बिघाड कराया न्हाई केलं.”

“मामा, तुमाला तर कंप्यूटर येत न्हाई!” सायली म्हणाली.

“न्हाईच येत. तुमीच शिकवलंवतं ना, ताई? तीन वर्साखाली. तुमी गावाला जायच्या, मागं लोक बारवांचे कागद घेऊन यायचे. तुमी म्हणल्या, मामा, हिरवं बटन दाबा, आन् कागद त्या त्या गावाच्या नावावर नेऊन सोडा. तेवडंच येतं मला. मंग आडसचा एकजण म्हणला, बारवेचा कागद ठिवला तसा माझ्या बापाचा दाखलाबी ठिवा की. कसर लागायलीय. मला वाटलं, खरंच हाय. रेकॉर्डात आमी अकरा वर्सं तेच केलं. गावागणिक एक रुमाल. गावाचा कागद गावाच्या रुमालात गेला की तो जतन झाला. रुमाल जाड झाला म्हणून दप्तरखाना कधी हळू चालला न्हाई, ताई. मला काय ठाऊक, मशीनला ओझं व्हतं म्हणून!”

“मग सांगितलं कावून न्हाई?”

“प्राचार्य सायबांनी बाहेरच्या लोकांना हितं यायला मनाई केलीवती. माझी दोन वर्सं राहिलीत नोकरीची. भ्यालो.”

बाई अमरसिंहाकडे वळल्या. “तुम्ही पाहिलं होतंत.”

“एकदा,” तो खाली बघत म्हणाला. “फोन विसरलो म्हणून दुपारी आलतो. ह्या मावशी स्कॅनरपाशी होत्या. ह्यांचं गायरान आमच्या वडिलांच्या रानाला लागून हाय. मी नाव घेतलं असतं तर मामाची नोकरी गेली असती, आणि लोक म्हणले असते, पाटलांच्या पोरानंच मावशींचा पुरावा पुसायला लावला. म्हणलं, आपण गप बसावं.”

सायलीचा चेहरा बघवत नव्हता. अर्ज लिहिताना तिला जेवढी खात्री होती, तेवढीच आता शरम वाटत होती. पण त्या शरमेच्या मागे घड्याळ टिकटिकत होतंच.

“ताई,” संजय हळूच म्हणाला, “तरी पुसायचं का? रात्रीपर्यंत तुमचं काम सुरू होतं. आणि हे सगळं बाहेर काढून मग संग्रह हलका करायचा म्हणलं तर अडतीस गावं, सहा हजारावर कागद. रविवार उजाडंल.”

 सिंधुबाईंना नोंदी, ढग, संग्रह यातलं काही कळलं नव्हतं, पण आपला कागद या पोरीच्या बोटाखाली आहे एवढं बरोबर कळलं होतं. त्या सायलीकडे बघत राहिल्या.

“माझी सहा वर्षं हायेत त्याच्यात,” सायली म्हणाली.  “मला कुणी विचारलं का, ठेवू का म्हणून? एकानं तरी?”

“नाही विचारलं,” बाई म्हणाल्या. “तू पुसलंस तर तुला कुणी दोष देणार नाही. मीही नाही.”

सायली उठली, खिडकीशी गेली. खाली बाजार पांगत होता. सहा वर्षं ती दारोदार हेच सांगत फिरली होती, की आजी, कागद असेल तर दाखवा, जुना कागद लई मोलाचा असतो. लोकांनी ते खरं मानलं होतं. तिच्या बोलण्यावरच विश्वास ठेवून ते इथवर आले होते.

ती वळली. “काढा बाहेर,” ती म्हणाली. “एकपण पुसू नका. मावशींचा आधी छापून द्या.”

६

मग जे झालं त्याला धावपळ म्हणायचं की जागरण, कोण जाणे. बाईंनी ग्रंथपालाची युक्ती काढली. जड पुस्तकं जशी मागच्या कोठारात नेतात आणि पुढच्या फळीवर फक्त चिठ्ठी ठेवतात, तसे कागद वेगळ्या डिस्कवर न्यायचे आणि गावाच्या नोंदीत फक्त जागेचा पत्ता ठेवायचा. डिस्क अमरसिंहानं स्वतःची दिली, त्यातलं स्वतःचं सामान रिकामं करून. सायलीनं प्राचार्यांसमोर तक्रारअर्ज मागे घेतला, आणि अमरसिंहासमोर ती “चुकलं माझं” म्हणाली.

“प्रबंध संपव आधी,” तो म्हणाला. “मग पोटभर माफी माग.”

रविवारी अकराला शेवटचं गाव बाहेर निघालं. सायलीनं आडसवर बोट ठेवलं. तळटीप पापणी लवायच्या आत बसली. ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून टिपा बसवत गेली, सोमवारच्या दुपारपर्यंत, मामांच्या चहावर. चार वाजून चाळीस मिनिटांनी प्रबंध विद्यापीठाला पोचल्याची पावती पडद्यावर आली. प्राचार्यांनी त्याच दिवशी मनाई उठवली. ती विजयमालाबाईंनी उठवायला लावली, हे सांगायला नकोच.

पुढच्या बाजाराला खोलीबाहेर चटईवर माणसं रांगेनं बसली होती. आता सायली स्वतः स्कॅनरपाशी होती. नवी डिस्क, गावागणिक एक कप्पा, एक्केचाळीस कप्पे. भोगलवाडीचा रिकामा होता.

“मामा, भोगलवाडीचं कावून न्हाई ठेवलं तुमी?”

“भावकी हाय ती माझी,” मामा म्हणाले. “आडसचं केलं तर गावचं काम. भोगलवाडीचं केलं तर लोक म्हणले असते, त्रिंबकनं कालेजची मशीन घरच्यांसाटी लावली.”

“आणि तुमचा स्वतःचा कागद? काय असंल ना तुमचापण?”

मामांनी मान हलवली. नाही म्हणून हलवली, पण हात छातीवरच्या खिशाकडे गेला. विजयमालाबाईंनी तो बघितला. त्यांनी हात पुढे केला.

प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला एक कागद निघाला. अकरा वर्षं रेकॉर्डात रुमाल बांधल्याचा दाखला. ही वर्षं नोकरीत धरली गेली तर पेन्शनीचं काहीतरी बघता येईल, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तीन वर्षं हा कागद ते खिशात घालून स्कॅनरपाशी उभे राहिले होते आणि दुसऱ्यांचे कागद काचेवर ठेवत होते. सायलीनं घड्या उलगडल्या. मधल्या घडीवर कागद विरला होता. नेमकं तिथंच, ‘सन’च्या पुढे, साल लिहिलेलं असणार. आता तिथं भोक होतं आणि त्यातून स्कॅनरची काच दिसत होती.

 सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

“राहू द्या, ताई,” मामा म्हणाले. “गेलं ते गेलं.”

“बाकीचं आहे ना अजून?” विजयमालाबाई कडक आवाजात म्हणाल्या, कारण मऊ आवाज त्यांना त्या घडीला झेपला नसता. “सही आहे, शिक्का आहे. त्या वर्षांची हजेरीपुस्तकं तालुक्यात पडली असतील कुठंतरी. निवृत्त झाल्यावर मला दुसरं काम काय आहे? मी शोधते. ठेवा काचेवर.”

मामांनी दोन्ही हातांनी कागद काचेवर पसरला आणि झाकण लावलं.

“दाबा, मामा,” सायली म्हणाली. “हिरवं बटन.”

मामा एक पाऊल मागे सरले.

“तुमी दाबा, ताई,” ते म्हणाले. “माझा कागद हाय.”

सायलीनं बटन दाबलं.